एका नंबरचे तीन पत्ते

कापसाच्या जिनिंग कारखान्याच्या कुंपणाची भिंत रस्त्याच्या कडेने लांबवर जाते. तिच्यावर निळ्या रंगात एक ओळ होती: पान लागल्यास आधी फोन करा. खाली सहा आकडी नंबर. आमच्या भागातली जुनी माणसं साप चावला असं म्हणत नाहीत, पान लागलं म्हणतात. नंबर आमच्या घरचा होता. धरणगाव तालुक्यात, कापसाच्या पट्ट्यातल्या दहा-बारा गावांत तो असा भिंतींवर, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीच्या मागच्या फळीवर, शाळेच्या व्हरांड्यात रंगवलेला होता. ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांना तो पाठ होता.

घर माझ्या मोठ्या काकांचं. आईवडील नोकरीसाठी गावोगाव फिरत राहिले आणि मी या घरात वाढले. काकांना सगळे आबा म्हणतात, मीही. आबा आरोग्य केंद्रात कंपाउंडर होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी हे काम स्वतःहून अंगावर घेतलं. सर्पदंशावरची लस प्रत्येक रुग्णालयात प्रत्येक दिवशी असतेच असं नाही, आणि असली तरी ती टोचणारा डॉक्टर त्या वेळी जागेवर असेल असं नाही. रोज सकाळी चहा झाला की आबा पाच ठिकाणी फोन करत आणि मिळालेली माहिती फोनशेजारच्या पाटीवर खडूने लिहीत. दिवसा कोणाचा फोन आला की ते तीन प्रश्न विचारत. कधी चावलं? आत्ता कुठे आहात? गाडी कोणती आहे? मग पाटी बघून एकच ठिकाण सांगत, आणि माणूस निघाला की त्या रुग्णालयाला आधी कळवत. आबांची मोठी बहीण, अक्का, त्याच घरात राहते. आबा शेतात असले की हे तीन प्रश्न ती विचारत असे. वाचता तिला जेमतेम येतं, पण पाटीवरच्या खुणा तिला कळत.

या नंबरची स्पर्धा दुसऱ्या रुग्णालयाशी नव्हती, मंत्र घालून विष उतरवणाऱ्या भगताशी होती. पान लागलं की घरातलं कोणीतरी भगताचं नाव काढतंच. फोन लागला आणि पलीकडून लगेच एक ठिकाण सांगितलं गेलं, तर लोक तिकडे निघत. लागला नाही, तर भगत जवळच असे.

जिनिंगच्या बाजूने रस्ता रुंद झाला तेव्हा टेलिफोनची जमिनीतली तार दोनदा तुटली. दुसऱ्या वेळी ती जोडली गेली नाही. जुना नंबर ठेवायचा असेल तर तो इंटरनेटवर घ्यावा लागेल, असं आबांना सांगण्यात आलं. मी तेव्हा जळगावला एका दैनिकाच्या कार्यालयात होते. त्यासाठीचा डबा बसवायचा होता त्या दिवशी सुट्टी काढून गावी आले.

इंटरनेटचा तंत्रज्ञ धरणगावहून आला. चाळिशीचा, बोलका. भिंतीवर खिळे ठोकता ठोकता त्याने आबांना सल्ला दिला.

"आबा, मोबाइलचा नंबर रंगवून टाका ना भिंतींवर. माझीही कटकट जाईल आणि तुमचीही."

"मोबाइल माझ्या खिशात असतो," आबा म्हणाले. "मी बांधावर गेलो की रेंज जाते. हा घरात वाजतो. मी नसलो तर अक्का उचलते."

"मग मोबाइल अक्कांपाशी ठेवा."

"मोबाइल कुठे ठेवला हेच तिला सापडत नाही."

"माले सापडस," आतून अक्का म्हणाली. "तुलेच त्यानी घंटी ऐकू येत नही."

तंत्रज्ञ हसला आणि त्याने डबा लावला. डबा जेवणाच्या डब्याएवढा, पांढरा, पुढे चार हिरवे दिवे. जुना फोन तोच राहिला, फक्त त्याची तार आता भिंतीत न जाता डब्यात गेली. हे चालतं कसं, असं आबांनी विचारलं. उत्तर मी लिहून घेतलं होतं. सवय तशी.

"नंबर म्हणजे माणसाचं नाव धरा," तो म्हणाला. "इंटरनेटला नावाने कोणी सापडत नाही, त्याला पत्ता लागतो. तुमच्या डब्याला एक पत्ता मिळालाय, नुसते आकडे असतात. वर आमच्या सर्व्हरमध्ये मी तुमच्या नंबरसमोर तो पत्ता लिहिलाय. आता कोणी तुमचा नंबर लावला की सर्व्हर बघणार, याचा पत्ता काय, आणि घंटी इकडे पाठवणार."

"म्हणजे पोस्टमननी वही शे," अक्का दारात येऊन म्हणाली.

"तेच, अक्का."

"आणि पत्ता बदलला तर?" आबांनी विचारलं.

"डबा बंद पडला तरच बदलतो. नवा डबा असता तर तो आपला बदललेला पत्ता वर स्वतः कळवतो. हा जरा जुना आहे, याचा पत्ता मी हाताने लिहिलाय. म्हणून ही बॅटरी दिली. लाइट गेली तरी डबा चालू राहील. फक्त बंद करायचा नाही."

लाइट गेली तेव्हा डबा खरंच चालू राहिला. पावसाळाभर नंबर वाजत होता. वेचणीच्या आधीच्या निंदणीत बरेच फोन आले, आणि आबा पाटी बघून सांगत राहिले. डब्याचा विषय घरात मागे पडला.

दसऱ्याच्या दुपारी मी जळगावहून घरी फोन लावला. लागला नाही. पुन्हा लावला. मग आबांच्या मोबाइलवर लावला. ते बोलले, फोनवरच सोनं देऊन घेऊन झालं, अक्काशीही बोलणं झालं. घरचा नंबर लागत नाही हे मी त्यांना सांगितलं नाही. सणाला लाइन भरलेल्या असतात, असं मी स्वतःशीच ठरवून टाकलं होतं. बातमी लिहिताना मी असं न विचारता कधी ठरवलं नसतं.

दसऱ्यानंतर दोन दिवसांनी माझी साप्ताहिक सुट्टी होती. मी गावी पोचले. ओट्यावर आबा निवांत बसले होते.

"तीन दिवस झाले, एक फोन नाही," ते म्हणाले. "वेचणी सुरू होऊन फोन नाही असं पहिल्यांदा होतंय. बरं वाटतं."

आम्ही जेवायला बसणार तेवढ्यात अंगणात मोटारसायकल थांबली. चार कोसांवरच्या गावचा एक शेतकरी होता, आबांच्या तोंडओळखीचा. तो ओट्यावर चढला नाही. खालीच उभा राहून बोलला.

"आबा, चार डाव फोन लावा. लागनाच नही."

कोणत्या दिवशी, असं आबांनी विचारलं.

"दसराले. सकाळमा. घरवालीले हातले पान लागनं, कापूस येचताना."

आबा उठून उभे राहिले. पुढचं त्याने थोडक्यात सांगितलं. चार वेळा फोन लावला, पलीकडून काहीच नाही. मग वस्तीतल्या लोकांनी तिला भगताकडे नेलं. तिथे दीड तास गेला. हात कोपरापर्यंत सुजला तेव्हा एका शिक्षकाने स्वतःच्या गाडीतून रुग्णालयात नेलं. बाई वाचली होती. उजव्या हाताची दोन बोटं राहतील की काढावी लागतील हे डॉक्टर अजून सांगत नव्हते.

"तुम्ही घरात नव्हतात का?" त्याने विचारलं. आवाजात राग नव्हता. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं.

"घरातच होतो," आबा म्हणाले.

आबा आत गेले आणि त्यांनी रिसीव्हर उचलून कानाला लावला. डायलटोन होती. त्यांनी तो माझ्या कानाला लावला, मग त्या शेतकऱ्याला आत बोलावून त्याच्याही. मी रिसीव्हर खाली ठेवला, फोनसमोर उभी राहिले आणि माझ्या मोबाइलवरून घरचा नंबर लावला. मोबाइलमधून आवाज आला की या क्रमांकाशी संपर्क होऊ शकत नाही. समोरचा फोन गप्प होता. डब्यावरचे चारही दिवे हिरवे होते.

तीन दिवस आबा रोज सकाळी याच फोनवरून पाच रुग्णालयांना फोन करत होते आणि ते लागत होते. इथून बाहेर फोन जात होता, बाहेरून इथे येत नव्हता. न येणाऱ्या घंटीला आम्ही सगळे खुशाली समजलो होतो.

शेतकरी गेल्यावर आबांनी मागच्या खोलीतून चुन्याची बादली आणि कुंचा काढला.

"उद्या दुपारपर्यंत हा वाजला पाहिजे," ते म्हणाले. "नाही वाजला तर मी एकेक भिंत पुसत जाणार. जिनिंगपासून सुरुवात."

"दुरुस्त होईल ना, आबा. दोन-चार दिवस..."

"दोन-चार दिवस भिंतीवर खोटं नाही ठेवायचं. नंबर नसता तर शिक्षकाची गाडी आधी निघाली असती."

बादली त्यांनी ओट्यावर, येता-जाता दिसेल अशी ठेवली.

मी तंत्रज्ञाला मोबाइलवर फोन लावला. तो म्हणाला, डबा बंद झाला असणार. मी म्हणाले, लाइट गेली नव्हती. तो म्हणाला, तरी बंद झाला असणार. मग मी तेच केलं जे माझ्या कामात रोज करते. घरात येऊन गेलेला शेवटचा फोन शोधला. तो नवमीच्या सकाळचा होता, आबांनी स्वतः घेतलेला. त्यानंतर एकही नाही. म्हणजे जे झालं ते नवमीला, सकाळनंतर. आबा त्या दिवशी कुठे होते? शेतात. घरात कोण होतं?

अक्का चुलीपुढून उठून आली. तिला कोणी विचारलं नव्हतं.

"नवमीले मी काढं व्हतं ते," ती म्हणाली.

खंडेनवमीला आमच्याकडे अवजारं धुऊन पाटावर मांडतात. विळे, खुरपी, फवारणीचा पंप, शिवणयंत्राचं डोकं. हळदकुंकू लावतात, झेंडू वाहतात, आणि त्या दिवशी त्यांना काम सांगत नाहीत. फोनची पूजा या घरात पूर्वीपासून होते, पण त्याची तार भिंतीतून येत असल्याने ती जागेवरच व्हायची. डब्याला पिना होत्या. अक्काने त्या काढल्या, बॅटरीची तारही काढली, डबा ओल्या फडक्याने पुसला आणि इतर अवजारांबरोबर पाटावर ठेवला. वर गंधाने स्वस्तिक काढलं. तासाभराने सगळं जिथल्या तिथे लावलं. दिवे लागले, फोन उचलून पाहिला, आवाज होता. डबा परत चालू झाला तेव्हा त्याला नवा पत्ता मिळाला होता. वर सर्व्हरमध्ये आमच्या नंबरसमोर जुनाच पत्ता लिहिलेला होता, आणि येणाऱ्या प्रत्येक फोनची घंटी तिकडे जात होती. तिथे कोणी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला तंत्रज्ञ आला. ओट्यावरची बादली ओलांडून आत आला आणि डब्यावरचं स्वस्तिक बघून थांबला.

"अक्का, डब्याचा देव केलात. आता तो पावत नाही."

"तू काय सांगं व्हतं?" अक्का म्हणाली. "लाइट गयी तरी चालू राही, बंद करू नको. मी बंद कोठे करं? मी पूजा करी. पूजा करू नको असं सांगं व्हतं का तू?"

तंत्रज्ञाने माझ्याकडे पाहिलं. ती बरोबर होती.

हा डबा बदलून नवा लावू, असं मी म्हणाले. नवा जळगावहून मागवावा लागेल, आठवडा जाईल, असं तो म्हणाला. मग याच डब्याला असं शिकवा की पत्ता बदलला की तो स्वतः वर कळवेल. ते करता येतं, तो म्हणाला. पहिल्या दिवशीच करायला हवं होतं, हे तो बोलला नाही, पण डबा उघडताना त्याचे कान लाल झाले होते. त्यासाठी डब्याच्या मागचा बारा अक्षरांचा क्रमांक वरच्या कार्यालयाला द्यायचा होता. तो क्रमांक एका चिठ्ठीवर छापलेला असतो. चिठ्ठी ओल्या फडक्याने पुसली गेली होती, आणि शेवटच्या चार अक्षरांच्या जागी निळसर डाग होता.

साडेदहा वाजले होते. आबा ओट्यावर कुंच्याचे केस सारखे करत होते.

"याचं खोकं कुठे आहे?" तंत्रज्ञाने विचारलं. "खोक्यावर असाच क्रमांक असतो."

खोकं कधीच फेकलं असेल, असं आबा म्हणाले. अक्का देवघरात गेली आणि खोकं घेऊन आली. त्यात तिने नव्या कापसाच्या वाती वळून ठेवल्या होत्या. तिने त्या पदरात काढून घेतल्या आणि खोकं पुढे केलं. बाजूच्या चिठ्ठीवर बाराही अक्षरं स्पष्ट होती.

पुढचा तासभर तंत्रज्ञ फोनवर होता. मी त्याच्याकडून आणखी एक गोष्ट मागितली. एका नंबरसमोर एकच पत्ता लिहायचा असा काही नियम आहे का, असं विचारलं. नाही, तो म्हणाला, कितीही लिहिता येतात. मग तीन लिहा, मी म्हणाले. पहिला हा डबा. दुसरा आबांचा मोबाइल. तिसरा माझा.

"तुमचा? तुम्ही जळगावला."

"पत्ता गाव विचारतो का?"

"नाही विचारत," तो म्हणाला. त्याने आमच्या दोघांच्या मोबाइलमध्ये एक ॲप टाकलं, त्यात घरचा नंबर भरला, आणि वरच्या कार्यालयाला तसं सांगितलं. आधी घरी वाजेल. पाच घंट्यांत कोणी उचललं नाही, किंवा डबा सापडलाच नाही, तर दोन्ही मोबाइलवर.

बाराला दहा मिनिटं असताना मी रस्त्यावर जाऊन नंबर लावला. घरातली घंटी मला रस्त्यावर ऐकू आली. मग मी आत आले आणि तंत्रज्ञाला डब्याच्या सगळ्या पिना काढायला सांगितल्या. त्याने काढल्या. शेजारणीच्या मोबाइलवरून नंबर लावला. आबांच्या खिशात वाजलं आणि माझ्या हातात वाजलं. पिना पुन्हा लावल्या, दिवे हिरवे झाले, पुन्हा नंबर लावला. घरचा फोन वाजला. हे आबांनी आमच्याकडून तीन वेळा करून घेतलं. तिसऱ्या वेळेनंतर त्यांनी बादली उचलून मागच्या खोलीत नेऊन ठेवली.

दुपारी ते त्या शेतकऱ्याच्या गावी गेले. मलाही नेलं. बाई अजून रुग्णालयातच होती. आबांनी त्याला अंगणात उभं राहून सगळं सांगितलं. डबा, नवमी, पत्ता. अक्काचं नाव घेतलं नाही, 'आमच्या घरात बंद झाला' असं म्हणाले. त्याने ऐकून घेतलं. मग विचारलं, "आते लागी का?" आबा म्हणाले, लावून बघ. त्याने तिथेच लावला. घरी अक्काने उचलला आणि तिचा आवाज आम्हा तिघांना ऐकू आला: "कव्हय चावनं? कोठे शेत तुम्ही?"

बाईचं एक बोट राहिलं, एक काढावं लागलं. पुढच्या हंगामात ती पुन्हा वेचणीला जात होती, हे मला आबांकडून कळलं.

त्यानंतर माझी बदली धुळ्याला झाली. नंबर माझ्याबरोबर आला. रोज सकाळी आबा पाटीचा फोटो पाठवतात, अक्षर कधी कधी खडू झिजल्यासारखं पुसट असतं, मग मी उलटं विचारून घेते. बैठकीत असले तरी मोबाइल समोर उलटा नाही, सुलटा ठेवते. सहकाऱ्यांना कारण माहीत आहे. महिनोन् महिने तो नंबर माझ्याकडे वाजत नाही, कारण पाच घंट्यांच्या आत घरी कोणीतरी उचलतं.

यंदा वेचणी सुरू झाल्यावर एका दुपारी तो वाजला. आम्ही पारोळ्याच्या बाजार समितीची बातमी वाचत होतो. मी उचलला. पलीकडे एक मुलगी होती, धापा टाकत होती.

"आबा शेत का?"

"मी त्यांची पुतणी बोलते. कधी चावलं?"

"आत्ताच. भावाले. पायले."

"आत्ता कुठे आहात?"

तिने गावाचं नाव सांगितलं. गाडी कोणती, असं विचारलं. मोटारसायकल आहे, चुलता चालवेल, असं ती म्हणाली. मी पाटीचा फोटो उघडला आणि एक ठिकाण सांगितलं. त्याला चालवू नका, दोघांच्या मध्ये बसवा, काही बांधू नका, कापू नका, वाटेत कुठे थांबू नका. ती म्हणाली, इथे लोक भगताचं म्हणतायत. मी म्हणाले, चुलत्याला फोन दे. त्याच्याशी बोलले. गाडी सुरू झाल्याचा आवाज ऐकला, मग रुग्णालयाला फोन लावून कळवलं.

अर्ध्या तासाने आबांचा फोन आला. मुलीचा फोन आला तेव्हा ते विहिरीवर होते, रेंज गेली होती, अक्का दळणाला गेली होती; आता दोघंही घरी होते.

"फोन आलेला दिसतोय," ते म्हणाले. "कोण होतं?"

मी सांगितलं. पोचल्याचं रुग्णालयाने कळवलं होतं, लस सुरू झाली होती.

"कधी चावलं ते आधी विचारलंस?"

"आधी तेच विचारलं."

"मग ठीक." मग म्हणाले, "नवमी आली. अक्का म्हणते, तुझ्या फोनलाही कुंकू लाव."

मागून अक्काचा आवाज आला. "तिले सांग, बंद नको करजो."

मी पुन्हा पारोळ्याच्या बातमीकडे वळले. मोबाइल टेबलावर सुलटा ठेवला.